बरणीतले प्रायमर

डेल्मर सोल्बर्गने उभ्या आयुष्यात दोनच गोष्टी हट्टाने केल्या. लग्न केलं नाही, आणि दुकानातलं तयार काडतूस घरात येऊ दिलं नाही. पश्चिम डकोटातल्या त्यांच्या मेंढ्यांच्या रँचवर लागणारी सगळी काडतुसं तो शेडमधल्या बाकावर स्वतः भरायचा. झाडलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, साफ करायच्या, बुडाशी नवा प्रायमर दाबून बसवायचा, वरून बारूद तोलून ओतायची आणि तोंडाशी गोळी बसवायची. त्याची बहीण आर्लिस नवरा गेल्यावर माहेरी परत आली त्याला अकरा वर्षं झाली होती. मेंढ्या तिच्या, काडतुसं त्याची, अशी वाटणी न बोलताच पडून गेली होती.

घरात रायफली दोन. वडिलांची जुनी हॉर्नेट, आणि कोयोटींसाठी, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यांसाठी, घेतलेली नवी. गोळी दोघींचीही सारखीच बारीक, पण नवीच्या पुंगळीत बारूद दुपटीहून जास्त आणि दाबही तसाच जबरदस्त. प्रायमर मात्र दोघींना एकाच मापाचा बसे, मसुराच्या दाण्याएवढी धातूची टोपी. चाप ओढल्यावर रायफलीतली पिन तिच्यावर आपटली की ठिणगी पडायची. डेल्मर हॉर्नेटला पिस्तुलाचे प्रायमर वापरी, पातळ पत्र्याचे, मऊ ठिणगीचे. नवीला रायफलचे, जाड पत्र्याचे. दोन्हींचे डबे बाकाच्या दोन टोकांना, मध्ये हातभर मोकळी जागा.

यावरून शेजारच्या व्हर्लिन ग्रोसशी त्याचा चाळीस वर्षं वाद चालला होता. शेजारचा म्हणजे नऊ मैलांवरचा.

"रायफलीत पिस्तुलाचं सामान घालतोस," व्हर्लिन म्हणायचा, "उद्या ट्रॅक्टरला शिलाई मशीनचं तेल घालशील."

"कपभर कॉफी गरम करायला कोणी भट्टी पेटवतं का रे?" डेल्मर म्हणायचा. "हॉर्नेटच्या पोटात चिमूटभर बारूद. तिला एवढा भडका दिलास, तर ती नीट पेटायच्या आधीच गोळी पुढं सरकते. मग एक गोळी कुंपणावर आणि दुसरी तुझ्या टोपीत."

"माझ्या टोपीत जागा आहे."

"हो ना. डोकं नाहीये आत."

मार्च महिना होता. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या आणि जमिनीवरचा बर्फ काळपट, कुजका झाला होता. एका सकाळी दिवस उगवताना आर्लिसला मेंढवाड्याच्या कुंपणापाशी कोयोट दिसली. तोंडात कालच जन्मलेलं कोकरू. तिने नवी रायफल खांबावर टेकवली, श्वास धरला आणि चाप ओढला.

आवाज रोजचा नव्हता. त्यात एक फुसकारा होता आणि गालावर कोणीतरी तापलेली वाळू फेकून मारावी तशी आग झाली. चष्म्याच्या काचेवर काळे ठिपके उडाले. तिने डोळे उघडले तोवर कोयोट कोकरासकट ओढ्यात उतरली होती.

तिने बोल्ट मागे घेतला. बाहेर पडलेल्या पुंगळीच्या बुडाशी, प्रायमरच्या बरोब्बर मध्यावर, सुईने टोचल्यासारखं भोक होतं. कडा जळून काळ्या झालेल्या. चष्मा नसता तर काय झालं असतं ते तिला कोणी सांगायला नको होतं. तिने मूठभर बर्फ गालाला लावला आणि शेडकडे निघाली.

डेल्मर कोट अंगात तसाच ठेवून बाकाशी बसला होता. तिने पुंगळी त्याच्यासमोर ठेवली. त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि क्षणात म्हणाला, "हा पिस्तुलाचा आहे. नवीच्या दाबाला टिकतोय होय हा पत्रा? कोणी घातला?"

"तू घातलास. मंगळवारी भरलेल्यातलं आहे."

"मी?" तो हसलाच. मग तिचा गाल बघून त्याचं हसू गेलं. "सिस, मी असं करेन का? तूच डबे हलवले असशील. झाडलोट करायची फार हौस ना तुला."

आर्लिसने बाकाकडे पाहिलं. दोन्ही टोकं रिकामी होती.

"डबे कुठं आहेत, डेल्मर?"

"आहेत ना. निवडायचं चाललंय माझं." असं म्हणून त्याने पायाशी ठेवलेली जॅमची काचेची बरणी उचलून वर धरली. ती निम्म्याहून जास्त भरली होती. सगळे प्रायमर चकचकीत, चंदेरी, एकासारखा एक. दोन्ही जाती एकत्र ओतलेल्या. "बघ," तो म्हणाला आणि लहान मूल खुळखुळा वाजवतं तशी त्याने ती हलवली.

वडिलांनी दोघांना लहानपणी शिकवलेला पहिला नियम तो मोडत होता. प्रायमर स्वतःच्या डब्यातून, स्वतःच्या खाचेतून, लागेल तेव्हाच काढायचा. ढीग करायचा नाही, कारण ढिगातला एक उडाला की सगळे उडतात. नऊ वर्षांच्या आर्लिसने एकदा मूठभर खिशात घातले, तेव्हा याच डेल्मरने तिला बर्फात उभं करून एकेक काढून घेतला होता.

"डेल्मर," ती शक्य तितक्या हळू म्हणाली, "बरणी खाली ठेव."

"का?"

"ठेव ना. माझ्यासाठी."

त्याने ठेवली. तिला उशिरा कळलं की ती मघापासून त्याचं मनगट धरून उभी होती.

"का ओतलेस एकत्र?"

"डबे ओले झाले होते." डबे स्टोव्हशेजारी जळणाच्या पेटीत पडले होते, खडखडीत कोरडे. "तू काळजी करू नकोस. नखाला कळतं माझ्या." त्याने बोट घालून एक उचलला, अंगठ्याचं नख त्यावर फिरवलं. "हा रायफलचा." दुसरा उचलला. "हा पिस्तुलाचा." तिसरा त्याने बराच वेळ चिमटीत धरून ठेवला. उजेडाकडे नेला. पुन्हा जवळ आणला. मग तिच्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "सिस, आपण काय निवडतोय?"

तिने त्याला घरात नेऊन कॉफी दिली आणि व्हर्लिनला फोन लावला.

"हात लावू नकोस," व्हर्लिन म्हणाला. "दार ओढून घे. निघालोच."

तो आला तो वाळूची बादली आणि इंजिनाच्या तेलाचा डबा घेऊनच. आर्लिसला बाहेर थांबवून तो एकटा आत गेला. ठिणगी पडू नये म्हणून बरणीत काठोकाठ तेल ओतून त्याने ती वाळूत रोवली. दुपारी शेरीफच्या कचेरीतला माणूस येऊन बादली घेऊन गेला. मग व्हर्लिन स्वयंपाकघरात येऊन बसला.

"काय रे म्हाताऱ्या," तो म्हणाला, "शेवटी पटलं का? हॉर्नेटला पण रायफलचेच वापरावेत?"

डेल्मरने मान वर केली. "कपभर कॉफी गरम करायला कोणी भट्टी पेटवतं का रे?" आणि पुढचं सगळं, बारूद, भडका, टोपी, एक शब्द न चुकता. व्हर्लिन पोट धरून हसला. आर्लिसलाही क्षणभर वाटलं, झालं असेल काहीतरी, रात्री झोप लागली नसेल.

"रविवारी जेवायला या," डेल्मर पुढे म्हणाला. "मार्व्हलला पण आण. तो कुखन केक करायला सांग तिला, आलुबुखाराचा."

व्हर्लिनची बायको मार्व्हल जाऊन दोन हिवाळे झाले होते. शवपेटीचा उजवा पुढचा कोपरा डेल्मरच्याच खांद्यावर होता.

"सांगतो," व्हर्लिन म्हणाला.

त्याच आठवड्यात बाक रिकामा केला. ते आर्लिसने ठरवलं. हा निर्णय दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नव्हती. डेल्मरने हिवाळाभर भरलेली काडतुसं चारशेच्या वर होती आणि त्यातलं एकही भरवशाचं राहिलं नव्हतं. काडतुसं भरायचं यंत्र, प्रेस, बाकावरून सोडवायला व्हर्लिनने पाना हातात घेतला, पण गंजलेले नट त्याला हलेनात. डेल्मर जरा वेळ बघत राहिला, मग त्याने पाना काढून घेतला आणि चारही नट स्वतः सोडवून दिले.

"दुरुस्तीला नेतोयस का?"

"माझ्याकडे ठेवतो," व्हर्लिन म्हणाला. "तिथं ये आणि भर."

"तुझ्या शेडमध्ये उंदीर आहेत." मग रिकाम्या बाकावरून हात फिरवत तो आर्लिसला म्हणाला, "आता मी दिवसभर इथं काय करू?"

रॅपिड सिटीच्या डॉक्टरांनी एप्रिलमध्ये आजाराला नाव दिलं आणि गोळ्या दिल्या.

जूनमध्ये आर्लिस व्हर्लिनकडे काडतुसं भरायला शिकू लागली. डेल्मरला एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून तोही यायचा आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायचा. पहिल्या दिवशी व्हर्लिनने तिच्यापुढे दोन डबे ठेवले, एक या टोकाला, एक त्या.

"हॉर्नेटचं भरायचंय ना? कुठले घेतेस?"

ती भावाकडे वळली. "डेल्मर, हॉर्नेटला कुठले घालू?"

डेल्मरने दोन्ही डब्यांकडे नीट पाहिलं. परक्याच्या घरी बोलतात तसा तो अदबीने म्हणाला, "व्हर्लिनला विचार ना. त्याला कळतं त्यातलं."

चाळीस वर्षांत हे वाक्य ऐकायला व्हर्लिनने काय वाटेल ते दिलं असतं. तो उठला, खोकला आल्याचं निमित्त करून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. आर्लिसने पिस्तुलाच्या प्रायमरचा डबा उघडला. पन्नास भरले. हात बसलेला नव्हता, दोन वाकडे गेले.

ऑक्टोबरमध्ये डेल्मरला गावातल्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. त्याआधी तो दोनदा मेंढ्या शोधायला म्हणून पायात बूट न घालता निघून गेला होता, एकदा तर हमरस्त्यापर्यंत. आर्लिसने निम्म्या मेंढ्या विकल्या. एकटीला तेवढ्याच झेपत होत्या.

ती बुधवारी जाते. तिथे त्याला जेवणाच्या हॉलमध्ये दाराजवळची जागा दिली आहे. ती त्याची बटाट्याची फोड लहान करून देते, तो खातो. तिला तो बहुतेक वेळा ओळखतो. कधी आईच्या नावाने हाक मारतो, तेव्हा ती ओ देते. साडेतीनला त्याला झोप येऊ लागते. मग ती पांघरूण नीट करते, कोट घालते आणि अंधार पडायच्या आत घरी पोचायला म्हणून निघते.