बुडबुड्याची मान

मृण्मयीला तिचा बुडबुडा शेवटी मिळाला आणि स्टाफ क्वार्टर्सचे तिन्ही मजले कोरडे राहिले. पण हे तुम्ही अजून ऐकलंच नाही असं समजा. अजून सकाळ आहे आणि टाकी भरायची आहे.

मृण्मयी पीएचडीवाली. हर्सूलकडच्या एका कॉलेजात, क्वार्टर्सच्या तळमजल्यावर तिची प्रयोगशाळा. केसाएवढ्या काचेच्या नळीत पाणी सोडायचं, त्यात हवा घुसवायची, आणि हवेची मान बारीक होत होत बुडबुडा तुटतो तो क्षण टिपायचा. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकावर पुण्याहून उसना आणलेला कॅमेरा बसवलेला. पापणी लवायच्या आत हजारो फोटो काढणारा. दुपारी तो परत जाणार होता, मग पीएचडी पुढच्या वर्षावर. पण आज जमणार म्हणजे जमणारच, याबद्दल तिला काडीचीही शंका नव्हती.

नेमकं आजच आठवड्यानं पाणी आलं. भिंतीमागं मोटर सुरू झाली आणि तिच्या हादऱ्यांनी स्क्रीनवरचा बुडबुडा वरातीत नाचल्यासारखा नाचू लागला.

प्रयोगशाळेच्या दारालगतच मोटरीचं बटण; तिथं पहिल्या मजल्यावरच्या मेहरुन्निसा खाला पहाऱ्याला होत्या.

"खाला, दोन मिनिटं मोटर बंद करू? बुडबुडा तुटताना बघायचाय."

"पागल हुई क्या? आमच्या नळाला ये की. हवा, पाणी, हवा, पाणी. फुकटात बघ."

"तो लई मोठा आहे खाला. हा बघा, कसा थरथरतोय."

खालांनी स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं. "हाय अल्ला, बेचारा!" आणि स्वतःच्या हातानं बटण बंद केलं.

सगळं शांत. बुडबुड्याची मान लांबली, सुईएवढी झाली, तुटली. मिळाला!

"फिर से दिखा."

मृण्मयीनं सावकाश करून दाखवला. क्षणभराची गोष्ट सावकाश बघायला पाच मिनिटं लागतात. खालांनी सहा वेळा बघितली; दर वेळी मान तुटताना "उई माँ" म्हणाल्या.

मोटर परत लावली, तेव्हा ती नुसती हवा ओढत होती. पाणी गेलं होतं.

वरून मृण्मयीचे गाइड हेमचंद्र सर उतरले, डोक्यापासून कमरेपर्यंत फेसात. त्यांनी क्लिप बघितली.

"उत्तम! पीएचडी झाली तुझी," ते म्हणाले. "आता अर्ज लिही."

सर सांगत गेले, मृण्मयी लिहीत गेली:

"प्रति, सक्षम अधिकारी, पाणीपुरवठा. महोदय, संशोधनकार्यामुळे आजचे पाणी आमच्या पाहण्यात आले नाही. तरी ते सुरुवातीपासून, सावकाश गतीने, पुन्हा एकदा दाखवण्यात यावे, ही नम्र विनंती."