चांगले तेवढे पाठवले

“निके, जेवलीस का गं? गोळी घेतली का? म्हशीची काळजी करू नको. तुज्याबिगर बी पान्हा सोडती ती आता.”

हा आवाज मरियाच्या कानातून अजून गेलेला नाही. करोनाची दुसरी लाट ओसरून वर्षं झाली, तरी शाळेतली डाळ धुताना तो मध्येच येतो. ज्याचा तो आवाज, त्या माणसाला मरियाने कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

तेव्हा पारनेरजवळच्या तिच्याच शाळेत बाकं काढून खाटा टाकल्या होत्या. पोरं घरी, खिचडी बंद; म्हणून खिचडी शिजवणाऱ्या मरियाला तिथंच रुग्णांची मावशी म्हणून ठेवलं. पाढ्यांच्या भिंतीखाली निकिता होती, पोरसवदा, ऑक्सिजनवर. तिचा नवरा, अमृत, नगरच्या दवाखान्यात. ती इथं आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो गेला. “इतक्यात सांगू नका, तिला झेपायचं नाही,” डॉक्टर म्हणाले. मग धाकट्या दिराने, हर्षलने, तोड काढली. मागे टायफॉईड होऊन निकिता माहेरी पडली होती, तेव्हाचे अमृतचे व्हॉईस मेसेज तो अमृतच्याच फोनवरून रोज एकेक पाठवू लागला. मरिया फोन निकिताच्या कानाशी धरी. वर ‘फॉरवर्डेड’ अशी बारीक अक्षरं येत. मरियाचा अंगठा नेमका त्यांच्यावर असे.

“किती सरळ बोलत्यात, न्हाई मावशी? धाप न्हाई, खोकला न्हाई.”

“बरे व्हत आलेत ना.”

“मंग व्हिडिओ का करीत न्हाईत?”

“तिथं रेंज न्हाई.”

“नगरला रेंज न्हाई?” निकिता मास्कमधून हसली. “आमच्या गावाला बरं म्हनायचं मंग!”

हसली, की दोन घास जास्त खाई. मरियाला वाटे, खोट्याबद्दल रविवारी प्रार्थनेत माफी मागावी. तर चर्चलाही कुलूप.

एका सकाळी मेसेज आला. मरियाने नेहमीसारखा कानाशी धरला.

“बस तिकडंच! तोंड दाखवू नको मला. तुज्यामुळं झालं हे समदं.”

फोन ओढून घेईपर्यंत ऐकून झालं होतं. जरा वेळाने त्या जागी एवढंच उरलं, की हा मेसेज डिलीट केला आहे.

मरियाने व्हरांड्यात जाऊन हर्षलला फोन लावला.

“चुकून गेला ओ मावशी. जुन्या भांडनाचा हाय, वैनी रुसून माहेरी गेल्ती तवाचा. चांगले तेवढे पाठवून झाले. दादा कुठं फोनवर लई बोलायचा?”

“मंग आता काय करायचं?”

“आमचा आवाज सारखाच हाय. मीच बोलू का दादासारखं?”

मरियाने फोन बंद केला.

आत निकिताने मास्क काढून उशाशी टाकला होता.

“ताप आधी मलाच आल्ता, मावशी. त्या लग्नाला हट्ट करून मीच गेल्ते. घरात मीच आनलं हे.”

“रागात बोलतं मानूस. पुसून टाकलं की त्यानं.”

“पुसलं म्हंजे मनातलं हुतं.”

मरियाने मास्क लावला. तिने काढला. पुन्हा लावला. पुन्हा काढला. बोटाच्या यंत्रावरचा आकडा खाली खाली येत होता.

“अगं, शिव्या देतोय ना?” शेजारच्या खाटेवरून राहीबाई खेकसली. “मंग जित्ता हाय! घाल ते मुस्कं गुमान.”

“कुनासाठी घालू?” निकिताने भिंतीकडे तोंड केलं. “त्यांनाच मी नको झाले.”

मरियाने पीपीई किटची डोळ्यांवरची काच वर सरकवली. इतक्या दिवसांत निकिताने तिचे उघडे डोळे पहिल्यांदाच पाहिले. प्लॅस्टिकच्या हातमोज्याने मरियाने तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

“तो रागावला न्हाई, पोरी. ते भांडन जुनं हाय, तू रुसून गेल्तीस तवाचं. मी तुला ऐकवले ते समदेच आवाज जुने हायेत.”

निकिता बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूच सैल झाला.

“मंग आत्ता काय म्हनत्यात ते?”

“काय बी न्हाई म्हनत, बाळा. तू हितं आलीस, त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेला तो.”