मेहुण्याच्या नावापुढचं शून्य

मेहुण्यावर मुकादमाचा विश्वास कधीच नव्हता. पेटीने फक्त पुरावा हातात दिला.

दगडाच्या त्या खाणीत मोबाइल चालत नसे. म्हणून अकरा जणांना कमरेला लावायला एकेक छोटी बिनतारी पेटी दिली होती. मुकादमाने ‘हटा’ असा निरोप सोडला की जवळची पेटी तो पुढचीला देई, ती तिच्या पुढचीला. तो सगळ्यांना पोचला की ऑफिसातल्या पडद्यावर अकरा हिरवे ठिपके उमटत. मग सुरुंग. कुणाच्या पेटीने किती निरोप पुढे दिले, तेही पडद्यावर दिसे. तीन आठवड्यांत कड्यावर पहारा करणाऱ्या काकांचे, म्हणजे मुकादमाच्या सख्ख्या चुलत्यांचे, तीनशे बारा. बाकीच्यांचे चाळीस-पन्नास. मेहुण्याचं शून्य.

कुठेतरी पाणी मुरत होतं. शिवाय सुरुंग उडायच्या जरा आधी हा पठ्ठ्या जागेवरून गायब व्हायचा. विचारलं तर म्हणे, “काही नाही दाजी, जरा जाऊन आलो.” पेटी बंद करून कुठे झोपा काढत असेल, नाहीतर शेजारच्या खाणवाल्यांना बातम्या देत असेल. मुकादमाला रोज नवं काहीतरी सुचे.

“तुमच्या डोळ्यांत माझ्या माहेरचं माणूस खुपतं, दुसरं काही नाही,” बायको म्हणाली.

आज दुपारी त्याने सोक्षमोक्ष लावला. “पेटी जमा कर आणि चालता हो.”

“दाजी, निदान आजचा सुरुंग होईपर्यंत तरी—”

“निघ!”

चारचा सुरुंग होता. साडेतीनला पेट्या बसवणाऱ्या बाई तपासणीला आल्या. मुकादमाने ऐटीत ते शून्य दाखवलं. बाई हसल्याच.

“अहो, हा दाटीत काम करत असणार. आजूबाजूच्या दोन पेट्यांनी निरोप पुढे दिलेला ऐकला की तिसरी गप्प बसते. सगळ्या एकदम ओरडल्या तर कुणालाच धड ऐकू येणार नाही. शून्य म्हणजे कामचुकार नव्हे.” मग त्यांचं बोट काकांच्या आकड्यावर थांबलं. “हे कोण? नोंदीप्रमाणे ही पेटी तीन आठवडे तसूभरही हललेली नाही. माणूस इतका स्थिर बसतो?”

मुकादम पडद्यावर वाकला. “पण हिरवा ठिपका येतो ना!”

“तो पेटीचा. माणसाचा नाही.”

सुरुंगवाल्याला थांबायला सांगून तो कड्यावर धावला. काकांची पेटी तारेने खांबाला बांधलेली होती. काका नव्हते.

ते खाली होते, सुरुंग भरलेल्या कातळाच्या पायथ्याशी, सावलीत आडवे, घोरत. मुकादम धावत खाली उतरला. त्याने त्यांना गदागदा हलवलं.

काकांनी डोळे चोळले. “तू कसा आलास? रोज उठवायला तुझा मेहुणा येतो. तुला सांगायचं नाही, अशी मीच त्याला शपथ घातली होती.”