दोन नावांचा ओढा

फसली तेराशे पंचेचाळीसचं, म्हणजे इसवी एकोणीसशे पस्तीसचं साल, निजामाचा अंमल. झरीच्या बाजूला एका खेड्यात चंद्रप्पा अंबाडी पिकवी. दिवाळी सरली की अंबाडीच्या पेंढ्या तो गावच्या वडओढ्यात, डोहात दगडांखाली दाबून कुजत घाली. मग सोललेल्या वाखाचे, म्हणजे सालीच्या तंतूंचे, दोर झरीच्या बाजारात हातोहात खपत. डोह मात्र काळा पडे, वास सुटे. बायको शांतम्मा दरवर्षी कुरकुर करी. चंद्रप्पाचं म्हणणं ठरलेलं होतं: आपलं गाव विहिरीचं पाणी पितं, अन् ओढा तर माळाला वळसा घालून पलीकडं जातो. पलीकडं आपलं कोण बसलंय?

त्या हिवाळ्यात लेकीच्या सासरहून, बोरवाडीहून सांगावा आला. भागम्माच्या दोन वर्षांच्या मुलीला हगवण लागली होती. चंद्रप्पानं गाडी जुंपली. झरीवरून फेरा घेत बोरवाडी गाठायला अख्खा दिवस गेला.

पोर मलूल पडली होती. त्याच आळीत आणखी चार लेकरं अंथरुणाला खिळलेली. वैद्यानं पाण्यावर बोट ठेवलं होतं. बोरवाडीला विहीर नव्हती. सगळं गाव बोरनाळ नावाच्या ओढ्याचं पाणी पिई. चंद्रप्पा घागरीवर वाकला अन् वास येताच त्याचा पारा चढला. सारा जन्म अंबाडीत गेलेल्या माणसाला तो वास कुणी सांगावा लागत नव्हता. हे कोणत्या नालायकाचं काम, असं विचारत तो चावडीवर गेला.

तिथं लिंबाजी बसला होता. सरकारी मोजणीत साखळी ओढण्यात त्याची उमर गेली होती. बोरवाडीत अंबाडी कुणीच पेरत नाही, हे त्यानं आधी सांगितलं. मग विचारलं,

"पाव्हणं, तुमच्या गावचा ओढा कुठं जायलाय?"

"माळाच्या पलीकडं."

"मंग आपण आता पलीकडंच बसलोय की."

चंद्रप्पाला पटेना. सकाळी लिंबाजी त्याला काठाकाठानं वर घेऊन निघाला. दोन्ही उतारांवरच्या घळी दाखवत, माळावर थेंब कुठंही पडो, तो इथंच उतरतो, असं सांगत चालला. गाडीवाटेचा दिवसभराचा फेरा, पण ओढ्याकाठचे कोस दोनच निघाले. शेवटचं वळण ओलांडलं, आणि समोर चंद्रप्पाचाच डोह! त्याच्याच पेंढ्या, त्यानंच ठेवलेले दगड!

तो डोहाच्या काठाशी गेला. "माझ्या हातानं मी नातीला हे पाजलं, लिंबाजी."

"अन् बाकीच्या चार लेकरांला?" लिंबाजी हळूच म्हणाला. "त्यांचं आजोळ वरच्या गावात न्हाई, म्हणून त्यांला हे पाणी चाललं असतं का, आप्पा? ओढ्याला सोयरं कळत न्हाई. त्याला निस्ता उतार कळतो."

धोतर खोचून चंद्रप्पा गार पाण्यात उतरला अन् दिवस मावळेपर्यंत पेंढ्या बाहेर काढत राहिला. पुढं त्यानं आपल्या शेतात खड्डा खणला, मोटेच्या पाण्यानं भरला, अंबाडी तिथं घातली. गावातल्या दुसऱ्या अंबाडीवाल्यांच्या दारीही तो हात जोडून गेला. तिकडं भागम्मा अन् आळीतल्या बाया पाणी उकळून पाजू लागल्या.

दहाव्या दिवशी निरोप आला: नात भाकरीसाठी हट्ट करायलीय, चारी लेकरं अंगणात खेळायलीत. शांतम्मानं देवापुढं हात जोडले. चंद्रप्पा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

बंधुभगिनींनो, आपल्या शिवेपुढं गेलं म्हणून पाणी संपत नाही. ते दुसरं नाव घेऊन कुणाच्या तरी घागरीत उतरतं. शहाणं व्हायला ती घागर आपल्या लेकीची निघायची वाट पाहू नये.