सोलकढीची वाटी आणि शाहाबादी फरशी

लालबागच्या आमच्या चाळीत कुणाकडे रेडिओ होता, कुणाकडे शिवणयंत्र. माझ्याकडे फरशी होती. हसू नका. साधी शाहाबादीच, पण आमच्या यांनी लग्नानंतर रे रोडच्या वखारीतून हातगाडीवर घालून आणलेली. खाली विटा रचून तिचा ओटा केला. आली तेव्हा राखाडी, खरबरीत होती, आणि कडेला चपात्यांच्या चळतीसारखे थर दिसायचे. रोज नारळ वाटून झाला की उरलेल्या चोथ्यानं मी ती घासायचे. घासून घासून अशी काळीशार झाली की वाकलं की नाकातली नथ दिसावी. नथ मी रोज घालत नव्हते, पण घातली असती तर दिसली असती.

आमची सून उर्मिला मालवणकडची. कामाला चांगली, पण धांदरट. एका रविवारी सोलकढीची वाटी फरशीवर ठेवून गेली गॅलरीत गप्पा मारायला. वाटीच्या बुडाला ओघळ होता. संध्याकाळी पाहते तर कोपऱ्यात पांढुरकं कडं उमटलेलं. राखेनं घासलं, खोबऱ्यानं घासलं. हलेना.

"ह्यां काय केलंस गो?"

"आई, तो डाग नाय. आंबटान दगड खाल्लो," उर्मिला खाली मान घालून म्हणाली. "ह्या दगडात चुनो आसा. आमच्या बाबांची शिंपल्यांची चुनाभट्टी होती. शिंपल्यार लिंबू पिळला की असोच फेस येता. खयच्या तरी जुन्या समुद्राच्या तळाक गाळ बसत रवलो, थरार थर, आणि त्याची झाली ही फरशी."

"समुद्रातली असो नायतर डोंगरातली, माझी होती!" मी ओरडले. त्यानंतर कितीतरी दिवस मी तिच्याशी भांड्यांच्या आवाजातच बोलत होते.

तेवढ्यात साठ सालचा एप्रिल संपत आला. मुंबईसह महाराष्ट्र होणार म्हणून चाळीत दिवाळीच होती. मंडळाच्या पोरांनी तळमजल्यावरच्या खोलीत वाचनालय काढायचं ठरवलं. उद्घाटन एक मेला. दारावर दगडी पाटीच हवी, असा मंडळाचा सेक्रेटरी लवू हट्ट धरून बसलेला. पण पाथरवटाकडे सगळ्या मुंबईच्या पाट्या. लवू तोंड पाडून आमच्याकडे आला.

"काकी, पाथरवट म्हणता, पुढल्या महिन्यात येवा."

"मी लिवतय," उर्मिला चुलीपुढून म्हणाली. "फरशेर मेण ओतायचा, सुयेन अक्षरां कोरायची, वरसून लिंबाचो रस. मेण आसा थय दगड वाचता, कोरलला थय खाता." मग तिचा आवाज खाली गेला. "पण दगड घासून काळो केललो होयो. नायतर अक्षरां दिसाची नाय."

चाळीत तसा दगड एकच होता. लवू पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला. मी यांच्याकडे पाहिलं.

"फरशी तुझी," हे म्हणाले. "तूच काय तां सांग."

मला रडूच आलं. संसाराची पहिली वस्तू ती. आणि एकदा अक्षरं आली की तिला खोबरं लावता येणार नाही, तेल लागलं की अक्षरंही काळी पडायची. पण मग आठवलं, चार वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रासाठीच्या मोर्चात लाठी खाऊन हाच लवू आला होता, तेव्हा त्याच्यासाठी हळद मी याच फरशीवर वाटली होती.

"घेवन जावा," मी म्हटलं. "पण आपटलास तर बघ, लवू!"

दुपारभर सगळी चाळ आमच्या खोलीत. उर्मिलेनं आधी राखेनं घासून तेल काढलं. मेणबत्त्या वितळवून ओतल्या, माझ्या गोधडीच्या सुईनं अक्षरं कोरली. चाळीतल्या बायका लिंबं पिळत होत्या. रस पडताच रेघांत बारीक बुडबुडे उठले. पोरं ओरडली, "उकळता, उकळता!" पुन्हा पुन्हा रस ओतला. मेण खरवडून काढलं आणि काळ्या फरशीवर पांढरी अक्षरं आली : महाराष्ट्र वाचनालय. अशी ठसठशीत की मी सगळं विसरून टाळ्याच वाजवल्या. यांनी पेढे वाटले, स्वतःलाच दोनदा.

एक मेला सकाळी सनईच्या सुरात पाटी दारावर चढली. लवू झेंडूचा हार घेऊन स्टुलावर उभा राहिला आणि कोपऱ्याकडे बघून थबकला.

"काकी, ह्यां वाटीचां कडां दिसता. हार तेच्यावर सोडूया, झाकान जायत."

उर्मिला माझ्या शेजारी उभी होती. तिचा चेहरा पडला. मी तिचा हात धरला.

"हार दुसऱ्या बाजूक घाल," मी म्हटलं. "तां माझ्या सुनेन पयलां लिवललां."