चातुर्मासात अडकलेली लसणाची बाटली

मी लसणाच्या गोळ्यांची बाटली बोलतेय. नाक मुरडू नका, वास येत नाही; तसं माझ्या अंगावर छापलंच आहे. शेजारी लालभडक हृदय, आणि खाली 'कोलेस्टेरॉल कमी करण्यास मदत'. यातला 'मदत' हा शब्द आजवर एकाही माणसाने वाचलेला नाही.

नव्वदीच्या दशकात गुडगावात काचेच्या इमारती उठल्या आणि माझ्यासारख्यांची चकचकीत दुकानंही आली. तिथे नव्याने नोकरीला लागलेल्या चैतन्यने मला वडिलांसाठी घेतलं. वडील सूर्यकांत केंद्र सरकारात अधिकारी. राहायला दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. डॉक्टरांनी त्यांना कोलेस्टेरॉलसाठी रोजची गोळी दिली होती, तूप कमी करा, चाला, असंही बजावलं होतं.

"बाबा, हे बिल्कुल नॅचरल आहे," चैतन्य म्हणाला.

"अच्छा? मग ती डॉक्टरची गोळी कशाला?" म्हणत सूर्यकांतांनी ती बंदच केली. अहो, मी तिची जागा घ्यायला आले नव्हते! पण ऐकतो कोण?

बरं, मला तरी नीट घ्यावं? आठवडा होतो न होतो तोच कांदेनवमी आली. चैतन्यच्या आईने, सुमित्राबाईंनी, भज्यांचे घाणे काढले, सूर्यकांतांनी ते रिचवले, आणि दुसऱ्या दिवसापासून चातुर्मासाचा कांदा-लसूण बंद. मीही शेवटी लसूणच. माझी रवानगी बाल्कनीत, कांद्याच्या टोपलीत झाली.

"अहो, तोवर डॉक्टरांची गोळी तरी घ्या," सुमित्राबाई म्हणाल्या.

"उपास आहेत ना आता. त्यानेच उतरेल."

उपास कसले, एकादशी अन् दुप्पट खाशी! तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी, शिवाय बटाट्याचा कीस. मी टोपलीतून बघत चरफडत होते.

श्रावणात ऑफिसला निघताना त्यांच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी गाडीत घालून नेलं. दुपारी सुमित्राबाई त्यांचे कपडे न्यायला आल्या आणि बाल्कनीत माझ्याजवळच खाली बसून रडल्या. "ऐकलं असतं माझं," एवढंच म्हणत होत्या. तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं.

सूर्यकांत वाचले. आता सुमित्राबाई समोर उभ्या राहून त्यांना डॉक्टरांची गोळी गिळायला लावतात. पण परवा वरच्या मजल्यावरच्या प्रभाबाई भेटायला आल्या. सुमित्राबाई आत चहा करत होत्या.

"लसूण घेत होतात म्हणून थोडक्यात निभावलं," प्रभाबाई म्हणाल्या.

"बिल्कुल," सूर्यकांत म्हणाले. "ती बाटली घेऊन जा तुम्ही. आमच्याकडे चातुर्मास आहे."

आता मी प्रभाबाईंच्या फ्रिजवर आहे. आज सकाळी त्यांच्या यजमानांनी माझ्यातली एक गोळी घेतली आणि डॉक्टरांनी त्यांना दिलेल्या गोळ्यांची पट्टी ड्रॉवरमध्ये सारली. "आता ही कशाला?" म्हणाले, आणि माझं झाकण घट्ट लावलं.

तुम्ही तरी वर येऊन त्यांना सांगा हो. पट्टी ड्रॉवरमध्येच आहे. अजून टाकलेली नाही.