घरासमोरची शेगडी

माझी बायको व्हर्लीन गेली त्याला वर्ष झालं, म्हणून मी घरासमोर डुकराच्या फासळ्या भाजायला बसलो. जुन्या सरकारी टॉवरमध्ये राहायचो तेव्हा आमची तशीच रीत होती. पिंप कापून केलेली शेगडी समोर मांडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खाऊ घालायचं.

शिकागोतले ते टॉवर पाडून तिथं ही विटांची घरं बांधली. अर्धी विकत घेणाऱ्यांची, अर्धी आमच्यासारख्या भाडेकरूंची. इथं परत येता यावं म्हणून व्हर्लीन वर्षानुवर्षं भांडली. घर मिळालं तेव्हा तिचा कॅन्सर हाडांत पोचला होता. इथंच तिनं डोळे मिटले, म्हणून मला हे घर सोडायचं नव्हतं. पण भाडेकरूनं किंवा त्याच्या पाहुण्यानं मारामारी केली की घर जातं, असा नियम होता.

शेजारचा ग्रेगरी बाहेर आला. त्याचं घर विकतचं.

"आजोबा, समोर शेगडी चालत नाही. रहिवाशांच्या बैठकीत सांगितलं होतं ना?"

"बायकोचं वर्ष आहे आज. बसा, खाऊन जा."

"तुमच्यात दर रविवारी कुणीतरी मेलेलंच असतं."

त्यानं शेगडीला लाथ घातली. निखारे माझ्या पावलावर पडले, कातडी चरचरली. मी ओरडलो तसा डेमेट्रिक घरातून धावत आला. हा व्हर्लीनच्या बहिणीचा मुलगा, तिनंच वाढवलेला. त्यानं ग्रेगरीच्या तोंडावर ठोसा मारला. दात पायरीवर पडला. मी त्याचा शर्ट ओढत होतो, तरी तो मारतच राहिला. ग्रेगरीचं नाक मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

पोलीस आले तेव्हा डेमेट्रिक हात वर करून उभा होता. तरी त्यांनी बरगडीत काठी घातली, त्याला पालथा पाडला आणि मानेवर गुडघा रोवला.

"तुमचा कोण हा?" दुसऱ्या पोलिसानं मला विचारलं.

"मी या म्हाताऱ्याला ओळखत नाही," डेमेट्रिक खालून म्हणाला. "फासळ्यांचा वास आला म्हणून थांबलो. फुकट्या आहे मी."

"तुला विचारलं?" गुडघा आणखी रुतला. पोलीस माझ्याकडे वळला. "अनोळखी असेल तर घरात घुसलेला दरोडेखोर म्हणून नेतो."

डेमेट्रिकनं माझ्याकडे डोळे वटारले. नाही म्हणा, असं तो सांगत होता.

"माझा मुलगा आहे," मी म्हटलं. "मीच बोलावलं होतं. गुडघा काढा."

"काका, गप बसा ना."

"तू गप."

पोलिसानं माझं नाव आणि घराचा नंबर लिहून घेतला. मग मानेवरचा गुडघा निघाला. डेमेट्रिक रक्त थुंकला.

"मावशीनं बडवलं असतं तुम्हाला."

"आधी तुला."

त्याला गाडीत कोंबलं. मी लंगडत घरात गेलो आणि व्हर्लीनचे कपडे बांधायला घेतले.